विषाणू सापडला, पण आला कुठून? कर्करोग-विषाणूंचा डेटा सांभाळणाऱ्या नवख्यांसाठी

कर्करोगाच्या एका प्रयोगशाळेत डेटा सांभाळायच्या कामाला लागून मला जेमतेम तीन आठवडे झाले होते, आणि जठराच्या एका ट्यूमरच्या आरएनए डेटात मला एचपीव्ही-१८ दिसला. पोटाच्या कर्करोगात गर्भाशयमुखाचा विषाणू! मी लॅपटॉप उघडाच हातात धरून मॅडमच्या केबिनमध्ये शिरले. त्यांनी स्क्रीनकडे बघितलंसुद्धा नाही. एवढंच विचारलं, "त्या आठवड्यात बेंचवर हीला होत्या का गं?" मला प्रश्नच कळला नाही. दुपारपर्यंत कळला. हीला म्हणजे १९५१ पासून जगभर वाढवल्या जाणाऱ्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगपेशी. त्यांच्या जीनोममध्ये एचपीव्ही-१८ कायमचा बसलेला असतो. आमच्याकडे त्या पेशींचं आणि माझ्या सॅम्पलचं आरएनए एकाच टेबलावर, एकाच दिवशी काढलं गेलं होतं.

माझी फजिती चार भिंतींत राहिली. टीसीजीए या अमेरिकेच्या अवाढव्य कर्करोग-जीनोम प्रकल्पाच्या नशिबी तेवढंही नव्हतं. तिथल्या काही ट्यूमरांमध्ये अनपेक्षितपणे दिसणारा एचपीव्ही-१८ हा हीला पेशींची भेसळ आहे, हे २०१५ मध्ये छापून आलं. त्या रीड्समध्ये (मशीनने वाचलेल्या डीएनए-आरएनएच्या छोट्या तुकड्यांमध्ये) हीलातल्या विषाणूचेच खास बदल जसेच्या तसे होते.

विषाणू शोधणारी सॉफ्टवेअर आज फुकट मिळतात आणि रात्रीत चालून होतात. सकाळी मॅडम विचारतात तो प्रश्न मात्र वेगळा असतो: हा आला कुठून? त्याचं उत्तर द्यायला तुमच्या नोंदी लागतात. खाली जे लिहिलंय ते त्या प्रश्नाच्या तयारीसाठी आहे. कमांड कशा द्यायच्या हे शिकवणारं साहित्य भरपूर आहे, त्यात मी भर घालत नाही.

१. आधी विषाणूंची जन्मपत्रिका पाठ करा

माणसात कर्करोग करणारे म्हणून सिद्ध झालेले विषाणू मोजके, हाताच्या बोटांवर मावणारे. त्यांचा आकार, डीएनए की आरएनए, गोल की सरळ, आणि मानवी जीनोममध्ये शिरतो की नाही, एवढं तोंडपाठ असलं तर निम्म्या चुका जागेवर पकडता येतात.

एचपीव्ही हा गोल डीएनएचा. एचपीव्ही-१६ ची लांबी ७,९०६ बेस (डीएनएची अक्षरं), एचपीव्ही-१८ ची ७,८५७. गर्भाशयमुखाच्या कर्करोगातले सुमारे ७० टक्के या दोघांच्या खात्यावर. हेपटायटिस बी (एचबीव्ही) सर्वांत छोटा, ३,२०० बेसच्या आसपास, तोही गोल. ईबीव्ही, म्हणजे एपस्टीन-बार विषाणू, १ लाख ७२ हजारांच्या घरात. कापोसी सार्कोमाचा केएसएचव्ही त्याच हर्पिस कुळातला. रक्ताचा कर्करोग करणारा एचटीएलव्ही-१ रेट्रोव्हायरस, त्यामुळे तो पेशीच्या डीएनएत शिरतोच. हेपटायटिस सी (एचसीव्ही) मात्र आरएनएचा, ९,६०० बेसचा, आणि मानवी जीनोममध्ये तो शिरत नाही. कुणी डीएनए सीक्वेन्सिंगचा डेटा देऊन "यात एचसीव्ही बघ" म्हणालं, तर कामाला लागू नका, आधी प्रेमाने समजावा.

मर्केल सेल पॉलिओमाव्हायरसची गोष्ट खास लक्षात ठेवा, कारण तो आपल्याच पद्धतीने सापडला. २००८ मध्ये पिट्सबर्गच्या युआन चांग आणि पॅट्रिक मूर यांच्या गटाने मर्केल सेल या त्वचेच्या कर्करोगातले सुमारे ४ लाख सीडीएनए (आरएनएवरून बनवलेल्या डीएनएचे) तुकडे घेतले, मानवी म्हणून ओळखू आलेले सगळे वजा केले, आणि उरलेल्यांतला एक तुकडा पॉलिओमाव्हायरसशी जुळला. एक! आपलं सगळं काम ही अशी वजाबाकी आहे, आणि वजाबाकीत हातचा चुकला की बाकी चुकते.

त्याच विषाणूपाशी एक खड्डाही आहे. मर्केल सेल पॉलिओमाव्हायरसची लांबी ५,३८७ बेस. इल्युमिनाच्या सीक्वेन्सिंग मशीनवर तपासणीसाठी मुद्दाम मिसळतात त्या फायएक्स-१७४ या जीवाणूंच्या विषाणूची ५,३८६. अहवालात लांबीचा रकाना बघून "पॉलिओमा असावा" असं पुटपुटणारा माणूस मी पाहिलाय. (तो माणूस कोण हे विचारू नका.) फायएक्स आधीच गाळून टाका.

दुसरा खड्डा आरएनएवाल्यांसाठी. ईबीव्हीची सर्वांत ठळक खूण म्हणजे ईबर नावाचे दोन छोटे आरएनए. पॅथॉलॉजीवाले ईबीव्हीचं निदान त्यांच्यावरच करतात. पण त्यांना पॉली-ए शेपूट (आरएनएच्या टोकाची ए अक्षरांची रांग) नसतं. तुमची लायब्ररी (मशीनवर घालायला तयार केलेले तुकडे) पॉली-ए निवडून केलेली असेल, तर ते आरएनए तिथे जवळजवळ दिसणारच नाहीत. पॅथॉलॉजीचा अहवाल पॉझिटिव्ह आणि तुमचा निगेटिव्ह, असं झालं की दोष बहुधा लायब्ररीचा असतो. म्हणून लायब्ररी कोणत्या किटने केली, हा रकाना रिकामा ठेवून कोणतंही सॅम्पल स्वीकारू नका.

आणि शेवटचं: विषाणू असणं वेगळं आणि त्याने कर्करोग केलेला असणं वेगळं. आपल्याकडेच, बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाच्या मदतीने तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १,३१,७४६ स्त्रियांवर तपासणीचा मोठा अभ्यास झाला. एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने पुढच्या टप्प्यातले कर्करोग आणि मृत्यू कमी होतात, हे त्यातून २००९ मध्ये जगापुढे आलं. पण चाचणीत पॉझिटिव्ह आलेल्या बहुसंख्य बायकांना कर्करोग नव्हता. बहुतेक संसर्ग शरीर आपोआप निस्तरतं. ईबीव्ही तर नव्वद टक्क्यांहून जास्त प्रौढांच्या अंगात असतो. ट्यूमरमध्ये घुसलेल्या बी पेशींबरोबर त्याचे दोनचार रीड येणारच.

२. कागद आधी, डिस्क नंतर

हा भाग कंटाळवाणा आहे म्हणून सगळे पुढे ढकलतात, आणि दोन वर्षांनी पेपर पाठवताना रडतात. कामाला हात लावण्याआधी या गोष्टींच्या प्रती एका फोल्डरमध्ये हव्यात:

– संस्थेच्या नीतिमत्ता समितीचं मंजुरीपत्र, मुदतीच्या तारखेसह
– रुग्णाच्या संमतीपत्राचा कोरा नमुना, मराठी आणि इंग्रजी दोन्ही
– परदेशी गटाबरोबर काम असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरी
– सीक्वेन्सिंग करणाऱ्या कंपनीशी किंवा केंद्राशी झालेला करार, डेटा ते किती दिवस ठेवणार या कलमासह
– बाहेरचा नियंत्रित डेटा वापरणार असाल तर त्याची परवानगी आणि त्यात नाव असलेल्या माणसांची यादी

यातलं संमतीपत्र स्वतः वाचा. फक्त इंग्रजी वाचून भागत नाही. एका प्रकल्पात इंग्रजी मसुद्यात "डेटा इतर संशोधकांना दिला जाऊ शकतो" असं होतं, आणि रुग्णांनी ज्यावर सह्या-अंगठे केले त्या मराठी मसुद्यात ते वाक्यच नव्हतं. भाषांतर करताना गळलं. त्या बायकांनी ज्याला हो म्हटलं ते मराठीतलं, त्यामुळे तो डेटा आम्ही वाटू शकलो नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आणि २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, दोन्ही चाळून ठेवा. पाठ करायची गरज नाही, कुठे काय आहे एवढं माहीत हवं.

३. सॅम्पलचं नाव: इथेच सगळं बुडतं किंवा तरतं

रुग्णाचं नाव, गाव, केसपेपरचा नंबर यातलं काहीही फाइलच्या नावात येता कामा नये. कोड द्या, आणि कोड व रुग्ण यांना जोडणारी यादी रुग्णालयाकडच्या एकाच जबाबदार माणसाकडे कुलपात राहू द्या. तुमच्याकडे ती नसलेलीच बरी. "मला फक्त बघायला दे" म्हणणारे येतात. यादीच नसली की नाही म्हणायला त्रास होत नाही.

कोड साधा असावा. प्रकल्पाची दोन-तीन अक्षरं, रुग्णाचा चार अंकी आकडा, ट्यूमर की नॉर्मल, डीएनए की आरएनए, कितवी लायब्ररी. अक्षरं रोमन, मधे अंडरस्कोअर, मोकळी जागा नाही. आकड्यांपुढची शून्यं ठेवाच, नाहीतर दहावं सॅम्पल दुसऱ्याच्या आधी येऊन बसतं.

आणि एक्सेल. एक्सेलशी माझं वैयक्तिक वैर आहे हे मान्य करून सांगते. तो "१-२" नावाच्या सॅम्पलची २ जानेवारी किंवा १ फेब्रुवारी करतो. जनुकांची नावं तारखांत बदलण्याचा त्याचा उद्योग इतका माजला की २०२० मध्ये जनुकांना नावं देणाऱ्या समितीने सेप्ट आणि मार्च या घराण्यांतल्या जनुकांची नावंच बदलली. सॉफ्टवेअर सुधारलं नाही म्हणून माणसाच्या जनुकांनी नाव बदललं, असं हे प्रकरण. आपल्या क्षेत्रात आणखी एक गंमत: एचपीव्हीच्या जनुकांना ई-६, ई-७ अशी नावं असतात. कुणी सॅम्पलला "२ई६" असं सुटसुटीत नाव दिलं की एक्सेल त्याचे वीस लाख करतो. मुख्य यादी टॅबने विभागलेल्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये ठेवा, तिला गिटमध्ये (बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात) घाला, आणि रुग्णालयाकडून एक्सेल आलीच तर प्रत्येक रकाना "मजकूर" म्हणून उघडा.

यादीत किमान हे रकाने हवेत: कोड, ऊतीचा प्रकार, गोठवलेला तुकडा की पॅराफिन ब्लॉक (फॉर्मलिनमध्ये टिकवून मेणात बसवलेला), डीएनए-आरएनए काढल्याची तारीख, काढणाऱ्याची आद्याक्षरं, किट, लायब्ररीची तारीख, इंडेक्स (सॅम्पल ओळखायची खुणेची अक्षरं), फ्लोसेल (सीक्वेन्सिंगची काचपट्टी), लेन (तिच्यावरची रांग). आणि माझा हट्टाचा रकाना: त्या दिवशी त्या खोलीत उघडलेल्या पेशी. बेंचवरची मंडळी सुरुवातीला कुरकुर करतात. पहिल्यांदा त्या रकान्यामुळे कुणाचा तरी पेपर वाचला की थांबतात.

४. डिस्क हातात आली, आता पहिला तास

क्रम मोडू नका. आधी डिस्कवरून सर्व्हरवर नक्कल. मग एमडी-५ आकडे (नक्कल बिनचूक झाली का हे सांगणारी फाइलची खूण) जुळवणं. कंपनीने ती फाइल दिली नसेल तर मागून घ्या. मग मूळ फाइलींवरचा लिहिण्याचा अधिकार काढून घ्या, स्वतःचासुद्धा. मग दुसऱ्या जागी प्रत. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या इमारतीत, हा जुनाच नियम आहे. जुना म्हणून कुणी पाळत नाही. आमची एक डिस्क खिडकीखालच्या टेबलावर होती आणि जुलैत खिडकी उघडी राहिली. पुढचं सांगत नाही.

जागेचा अंदाज आधीच मांडा. संपूर्ण मानवी जीनोम ३० पट (प्रत्येक बेस सरासरी ३० वेळा) वाचला की दाबलेल्या फास्टक्यू (कच्च्या रीडच्या) फाइली साधारण ६० ते १०० जीबी, बॅम (जुळवलेल्या रीडची फाइल) तेवढंच, मधल्या तात्पुरत्या फाइली वेगळ्या. ४० रुग्णांचे ट्यूमर आणि नॉर्मल म्हणजे ८० सॅम्पल. दहा-पंधरा टीबी सहज लागतात. बॅमऐवजी त्याचंच जास्त दाबलेलं रूप, क्रॅम, ठेवलं तर बरीच जागा वाचते. फास्टक्यू कधीही पुसू नका. मधल्या फाइली बिनधास्त पुसा, त्या पुन्हा बनतात.

फास्टक्यूसी आणि मल्टीक्यूसी चालवून गुणवत्ता बघायला हवीच. त्यावर वेगळं लिहायची गरज नाही.

५. संदर्भ जीनोम: मानवी आणि विषाणू एकाच फाइलमध्ये

नवखे लोक हमखास असं करतात: आधी मानवी जीनोमवर जुळवायचं, जे जुळलं नाही ते विषाणूवर. विषाणू आहे की नाही एवढंच हवं असेल तर चालून जातं. पण तो मानवी जीनोममध्ये कुठे जोडला गेलाय हे हवं असेल, तर अर्धा माणूस-अर्धा विषाणू असलेले रीड पहिल्याच चाळणीत मानवी म्हणून अडकून पडतात. दोन्ही जीनोम एका फाइलमध्ये जोडा आणि एकदाच जुळवा. एनसीआय या अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेचं जीनोमिक डेटा कॉमन्सही हेच करतं. त्यांच्या संदर्भ-संचात मानवी जीनोमबरोबर एचपीव्हीचे अनेक प्रकार, ईबीव्ही, एचबीव्ही, एचसीव्ही, केएसएचव्ही, एचटीएलव्ही-१ आणि मर्केल सेलवाला, सगळे बसवलेले आहेत.

मानवी जीनोमच्या ३८ व्या आवृत्तीच्या विश्लेषण-संचात ईबीव्ही आधीपासूनच एका वेगळ्या "गुणसूत्रा"सारखा ठेवलेला असतो. हे न कळता तुम्ही स्वतःचा ईबीव्ही पुन्हा जोडलात, तर प्रत्येक रीडला दोन सारख्याच जागा मिळतात, जुळणीचा दर्जा शून्यावर येतो आणि गाळणीत ईबीव्ही नाहीसा होतो. खऱ्या ईबीव्ही पॉझिटिव्ह जठर-कर्करोगाला निगेटिव्ह ठरवायची ही सोपी युक्ती. टीसीजीएच्या मालिकेत जठराच्या सुमारे ९ टक्के ट्यूमरांमध्ये ईबीव्ही होता. तुमच्याकडे एकही नाही आला तर पहिला संशय या फाइलवर घ्या.

गोल जीनोमचा मुद्दा त्याहून फसवा. फाइलमध्ये गोल विषाणू कुठेतरी कापून सरळ केलेला असतो. एचपीव्ही-१६ चा काप नियंत्रण-पट्ट्याच्या आतच पडतो. तो पट्टा ७,१५० च्या पुढे सुरू होतो, ७,९०६ पाशी फाइल संपते आणि उरलेला भाग १ पासून पुन्हा येतो. तिथून जाणारे रीड दोन्ही टोकांना अर्धवट लटकतात आणि सॉफ्टवेअर त्यांना "जोडणी सापडली" म्हणून उत्साहाने कळवतं. उपाय साधा: फाइलच्या शेवटी विषाणूचे सुरुवातीचे शे-दोनशे बेस पुन्हा चिकटवा आणि नंतर आकडे परत वळवून घ्या, किंवा काप दुसरीकडे सरकवलेली प्रत वापरून निकाल ताडून बघा.

आवृत्तीही लिहून ठेवा. एचपीव्ही-१६ ची एक जुनी नोंद ७,९०४ बेसची आहे. दोन पेपरांतली जनुकांची स्थानं एक-दोन बेसनी हुकत असतील तर भूत शोधत बसू नका, नोंदणी क्रमांक बघा. पॅपिलोमाव्हायरससाठी पेव्ह नावाचा सांभाळलेला संग्रह आहे, तोच आधार धरावा.

६. पाटीवर गणित करा

निकाल उघडण्याआधी किती रीड यायला हवेत ते स्वतः काढा. दोन मिनिटांचं काम आहे आणि मला कुणीही शिकवलं नाही.

जीनोम ३० पट वाचलाय. माणसाच्या प्रत्येक गुणसूत्राच्या दोन प्रती, म्हणजे एका प्रतीला १५ पट. समजा प्रत्येक ट्यूमर पेशीत एचपीव्ही-१६ ची एकच प्रत आहे आणि तुकड्यात ट्यूमर पेशी ४० टक्केच आहेत. मग विषाणूची व्याप्ती ६ पट. ७,९०६ गुणिले ६, भागिले रीडची लांबी १५०: साधारण ३१६ रीड. एकूण रीड ६२ कोटींच्या आसपास. म्हणजे ६२ कोटींत तीनशे. खरा, एकाच प्रतीचा विषाणू एवढाच दिसतो.

आता दुसरं गणित. त्याच लेनमध्ये पॉझिटिव्ह कंट्रोल म्हणून तुम्ही कास्की या गर्भाशयमुखाच्या कर्करोगपेशी घातल्यात. कास्कीत एचपीव्ही-१६ च्या सुमारे ६०० प्रती. १५ गुणिले ६०० म्हणजे ९,००० पट, रीड सुमारे पावणेपाच लाख. इंडेक्सची अदलाबदल होऊन हजारातला एक रीड जरी शेजारच्या सॅम्पलमध्ये उडी मारून गेला, तरी तिथे ४७४ रीड दिसणार. खऱ्या विषाणूपेक्षा भेसळ जास्त! म्हणून कास्की रुग्णांच्या लेनमध्ये घालू नका. कंट्रोल हवाच असेल तर एक-दोन प्रतींच्या सिहा पेशी घ्या, निगेटिव्हसाठी सी-३३ए, आणि प्रत्येक सॅम्पलला दोन्ही टोकांचे वेगळे इंडेक्स मागून घ्या. किंमत थोडी वाढते, पण घासाघीस करू नका.

एक्सोमचा (फक्त प्रथिनांची जनुकं वेचून वाचलेला) डेटा असेल तर हे गणित लागू नाही. तिथे विषाणूसाठी गळ टाकलेलेच नसतात. जे हाताला लागतं ते योगायोगाचं, आणि काही लागलं नाही म्हणून विषाणू नाही असं लिहिता येत नाही.

७. "सापडला" असं म्हणण्याआधी

कोणता रीड कोणत्या जीवाचा हे ओळखणारं क्रॅकन-२ सारखं साधन झटपट यादी देतं. ती संशयितांची यादी समजा. मी पुढचं सगळं बघितल्याशिवाय तोंड उघडत नाही.

रीड विषाणूभर पसरलेत का, हे सर्वांत आधी. आयजीव्ही या रीड दाखवणाऱ्या साधनात उघडून डोळ्यांनी बघा. आकड्यांवर विसंबू नका. एल-१ जनुकातल्या साडेचारशे बेसच्या पट्ट्यावरच ढीग असेल, तर ती एचपीव्ही चाचणीच्या पीसीआरची धूळ: प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं एमवाय-०९ आणि एमवाय-११ प्रायमर वापरले जातात आणि त्यांचा तुकडा बरोबर तेवढाच असतो. सायटोमेगॅलोव्हायरसच्या फक्त प्रमोटरवर रीड असतील तर ते कुणाच्या तरी प्लाझ्मिडचे (प्रयोगात वापरायच्या गोल डीएनएचे). एचपीव्ही-१८ मध्ये ३,१०० पासून ५,७३५ पर्यंतचा पट्टा कोरा असेल, तर नमस्कार करा, हीला आल्यात. त्यांच्या विषाणूचा नेमका तोच भाग गळालेला आहे. उलट आरएनएत ई-६ आणि ई-७ भरपूर, एल-१ आणि एल-२ जवळजवळ नाही, हे चित्र ट्यूमरला शोभणारं आहे. पण हीलालाही तेच शोभतं, त्यामुळे एवढ्यावर थांबू नका.

मग शेजारी बघा. त्याच फ्लोसेलवर, त्याच दिवशी डीएनए काढलेल्या इतर सॅम्पलमध्ये तोच विषाणू, त्याच बदलांसह आहे का? दोन असंबंधित रुग्णांमधला विषाणू बेस-न्-बेस सारखा निघाला तर कपाळावर आठी पडायला हवी. याचसाठी फ्लोसेल आणि तारखांचे रकाने.

ट्यूमर आणि नॉर्मल एकाच माणसाचे आहेत का, हे सोमॅलियरसारख्या साधनाने तपासा. गर्भाशयमुखाच्या कामात एक फुकटची चाचणी आपल्याला देवानेच दिलीय: वाय गुणसूत्र. दोनचार रीड चुकून जुळतात, ते सोडा. पण वायवर नीट पसरलेले रीड दिसले, तर डब्यांची अदलाबदल झाली आहे. एकदा मला असं सॅम्पल मिळालं. बेंचवरचा मुलगा ठामपणे म्हणाला, "ताई, लेबल बरोबर आहे." लेबल बरोबरच होतं. ते दुसऱ्याच रॅकमधल्या नळीवर होतं.

पॅराफिन ब्लॉकमधल्या डीएनएचा वेगळा त्रास. फॉर्मलिनमुळे सी चा टी झालेला दिसतो. नेमका एचपीव्हीच्या ट्यूमरांत अपोबेक एन्झाइममुळेही सी चा टी होतो, मात्र तो मुख्यतः टी च्या लगतच्या सी चा. आजूबाजूचे बेस न बघता "अपोबेकची सही मिळाली" असं लिहिणारे बरेच असतात. गोठवलेले आणि ब्लॉकमधले सॅम्पल एका आलेखात मिसळूच नका.

या सावधगिरीचं हसू येत असेल तर एक्सएमआरव्ही आठवा. २००६ मध्ये पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगात हा नवा रेट्रोव्हायरस सापडल्याचं जाहीर झालं, २००९ मध्ये "सायन्स"मध्ये तो दीर्घ थकव्याच्या आजाराशी जोडला गेला. हा विषाणू मुळात प्रयोगशाळेत, माणसाचा ट्यूमर उंदरांत वाढवताना, उंदरांच्या दोन विषाणूंच्या सरमिसळीतून जन्मला, असं २०११ मध्ये स्पष्ट झालं. "सायन्स"मधला लेख मागे घेतला गेला. मधल्या काळात किती रुग्णांनी आशा धरली असेल, याचा विचार करवत नाही.

८. जोडणीच्या जागा

टीसीजीएच्या २०१७ च्या गर्भाशयमुख अभ्यासात एचपीव्ही-१८ च्या सगळ्या आणि एचपीव्ही-१६ च्या ७६ टक्के ट्यूमरांमध्ये विषाणू मानवी जीनोममध्ये जोडलेला होता. जोडताना बऱ्याचदा ई-२ जनुक तुटतं, त्याचा ई-६ आणि ई-७ वरचा लगाम सुटतो, आणि पुढचं पाठ्यपुस्तकात आहे.

इथला एकच खड्डा सांगते, कारण त्यात मी पूर्ण दोन महिने घालवले. सॅमटूल्स या साधनाने "नीट जोडीतले" रीड तेवढे ठेवायची सवय बहुतेकांना वर्गात लागते. एक टोक माणसात आणि दुसरं विषाणूत असलेली जोडी व्याख्येनेच "नीट" नसते. ती गाळणी लावलीत की पुरावा गेला. माझ्या पाइपलाइनमध्ये (ओळीने चालणाऱ्या कमांडच्या साखळीत) ती ओळ कुणा आधीच्या माणसाने घातलेली होती, आणि मी ती वाचली नव्हती.

जागा मिळाली की दुभंगलेले रीड आणि विसंगत जोड्या, दोन्ही प्रकारचा पुरावा मागा. लायब्ररी बनवतानाही तुकडे भलतीकडे चिकटतात. एकट्या रीडवर विश्वास नको. महत्त्वाच्या जागा पीसीआर आणि सँगर सीक्वेन्सिंगने पक्क्या करून घ्या. रुग्णाच्या रक्तातही तीच जोड दिसली, तर रुग्णाला आनंदाची किंवा दुःखाची बातमी देण्याआधी कल्चर रूमच्या (पेशी वाढवायच्या खोलीच्या) वहीकडे वळा.

९. माणसं

"सपोर्ट" या शब्दात सगळं येतं. डॉक्टर मजकूर पाठवतात: "त्या ४ सॅम्पलचं काय झालं?" कोणत्या चार? म्हणून प्रत्येक मागणीला क्रमांक द्या, मग ती चहाच्या टपरीवर तोंडी का असेना. जागेवर येऊन लिहून काढा आणि परत पाठवा: तुम्ही हे मागितलंत, बरोबर ना? निम्म्या वेळा उत्तर येतं, "नाही, म्हणजे तसं नाही."

निकाल देताना "पॉझिटिव्ह" शब्द जपून वापरा. तुमचा अहवाल संशोधनाचा आहे, निदानाचा नाही, आणि हे पहिल्याच ओळीत लिहा. रीडची संख्या, विषाणूचा किती भाग झाकला गेला, कंट्रोलमध्ये काय होतं, हे तीन आकडे नेहमी सोबत जाऊ द्या. सर्व्हर नसेल तर गॅलक्सीसारखी वेबवरची सोय आहे, पण रुग्णाचा मानवी डेटा बाहेरच्या सर्व्हरवर चढवण्याआधी दुसऱ्या टप्प्यातलं फोल्डर पुन्हा उघडा. पुण्यात आयसरमधल्या परम ब्रह्मसारखे महासंगणक आहेत. प्रवेशाची प्रक्रिया लांब असते, तेव्हा गरज पडण्याच्या सहा महिने आधी अर्ज करा.

१०. डेटा जमा करताना

भारतात आता फरिदाबादला भारतीय जैविक डेटा केंद्र आहे, २०२२ मध्ये सुरू झालेलं. मानवी डेटा नियंत्रित प्रवेशाच्या विभागातच जातो. विषाणूचे जीनोम उघड देता येतात, पण "फक्त विषाणूचे रीड" म्हणून काढलेल्या फाइलमध्ये जोडणीवरचे अर्धे रीड मानवी असतात, आणि त्यांच्या जोडीदारांतून माणसाचा डीएनए बाहेर पडतो. उघड ठेवायच्या फाइलमधून ते गाळा. जमा करण्याचं काम पेपर स्वीकारला गेल्यावर सुरू करू नका; रकाने भरण्यातच आठवडे जातात. सॅम्पलची यादी पहिल्या दिवसापासून नीट ठेवली असेल तर एक दुपार पुरते.

पाइपलाइन नेक्स्टफ्लो किंवा स्नेकमेकमध्ये, सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या कंटेनरमध्ये, आणि फोल्डरच्या तोंडाशी एक साधी वाच-मला फाइल. ती पुरेशी आहे का, हे बघायची एकच चाचणी आम्ही वापरतो. प्रकल्पात नव्याने आलेल्या कुणाला तरी बसवायचं, फक्त ते फोल्डर द्यायचं, आणि सांगायचं की पेपरातली दुसरी आकृती पुन्हा काढून दाखव. आपण शेजारी बसायचं, तोंड बंद ठेवून. पहिल्यांदा ही चाचणी घेतली तेव्हा नवीन मुलगी अकराव्या मिनिटाला अडली. लागणारी फाइल माझ्या लॅपटॉपच्या डेस्कटॉपवर होती, नाव होतं "अंतिम-२-खरंच-अंतिम".